माहितीपत्रकाच्या पोटी जन्मलेला प्रलय

अणुयुद्धानंतरचं जग दाखवणाऱ्या टीव्ही-नाट्यांचा विषय निघाला की पहिलं नाव येतं ते 'थ्रेड्स'चं. बीबीसीने २३ सप्टेंबर १९८४ रोजी दाखवलेल्या या चित्रपटात इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरातले रूथ आणि जिमी लग्नाच्या तयारीत असतात आणि जग युद्धाकडे सरकत जातं. अधूनमधून टेलिप्रिंटरच्या खडखडाटात पडद्यावर मजकूर उमटतो. निवेदक मेलेल्यांचे आणि उरलेल्यांचे आकडे जनगणनेचा तक्ता वाचावा तसे वाचतो. बॉम्बपेक्षा या आवाजानेच अंगावर काटा येतो. हा आवाज कोणा नाटककाराच्या डोक्यातून निघालेला नाही. त्याचं कूळ शोधायला वीस वर्षं मागे जावं लागतं.

१९६४ साली पीटर वॉटकिन्स या तरुण दिग्दर्शकाने बीबीसीसाठी 'कलोडन' बनवला. स्कॉटलंडमधली १७४६ सालची लढाई त्याने बातमीदार रणांगणावर हजर असल्यासारखी चित्रित केली. हातातला हलता कॅमेरा, नट नसलेली माणसं, मरणाच्या दारात उभ्या सैनिकांच्या मुलाखती. होऊन गेलेली लढाई अशी दाखवता येते, तर न झालेली का नाही? पुढच्याच वर्षी त्याने हे तंत्र 'द वॉर गेम'मध्ये वापरलं. या वेळी अणुबॉम्ब पडला तो केंट परगण्यावर. सुमारे पाऊण तासाच्या या कृष्णधवल चित्रपटात वॉटकिन्सने मनाचं फारसं काही घातलं नव्हतं. आगीची वादळं ड्रेस्डेन आणि हॅम्बुर्गमधली होती, जखमा आणि आजार हिरोशिमा-नागासाकीचे. ओळख पटवण्यासाठी मृतांच्या बोटांतल्या अंगठ्या बादलीत जमा केल्या जातात, तो प्रसंगही ड्रेस्डेनमध्ये घडलेला. या दृश्यांना जोडून धर्मगुरूंची आणि तज्ज्ञांची आश्वासक विधानं तो शांतपणे ठेवत गेला.

बीबीसीच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष तेव्हा लॉर्ड नॉर्मनब्रुक होते, आणि त्याआधी ते वर्षानुवर्षं मंत्रिमंडळाचे सचिव होते. सप्टेंबर १९६५ मध्ये हा चित्रपट वरिष्ठ अधिकाऱ्यांना खाजगीत दाखवला गेला आणि नंतर प्रक्षेपण रद्द झालं. टीव्हीच्या प्रेक्षकांना तो झेपणार नाही, असं कारण बीबीसीने दिलं. निर्णय आपला स्वतःचा असल्याचंही सांगितलं. वॉटकिन्सने बीबीसी सोडली. निवडक थिएटरांत दाखवल्या गेलेल्या त्या चित्रपटाला १९६७ मध्ये सर्वोत्कृष्ट माहितीपटाचं ऑस्कर मिळालं. न घडलेल्या घटनेचा माहितीपट!

गंमत म्हणजे, लोक घाबरतील म्हणून हा चित्रपट अडवला गेला आणि पुढे सरकारने स्वतःच अणुयुद्धावर फिल्म बनवल्या. 'प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह' या छोट्या सूचनापटांची मालिका १९७०च्या दशकात तयार होऊन पडली होती. युद्धाची वेळ आली तरच त्या दाखवायच्या होत्या. त्यांना आवाज होता पॅट्रिक अ‍ॅलन या नटाचा. जाहिरातींतून तो घरोघरी ओळखीचा झालेला. १९८० मध्ये बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमाने त्यांतले काही भाग बाहेर काढले आणि त्याच वर्षी याच नावाचं पत्रक पन्नास पेन्सना विक्रीला आलं. दारं बिजागऱ्यांवरून उतरवा, भिंतीला तिरकी टेकवा, आडोशाला दोन आठवडे राहा. घरात कोणी गेलं तर प्रेत दुसऱ्या खोलीत नेऊन झाका आणि त्याला नावाची चिठ्ठी बांधा. सूचना नेटक्या होत्या, पण त्यांच्या नेटकेपणानेच लोक हादरले. इतिहासकार ई. पी. थॉम्प्सन यांनी 'प्रोटेस्ट अँड सर्व्हाइव्ह' हे प्रतिपत्रक काढलं.

याच सुमारास अमेरिकेत या घराण्याची एक वेगळी शाखा फुटली. २० नोव्हेंबर १९८३ रोजी एबीसी वाहिनीवर 'द डे आफ्टर' लागला, तेव्हा सुमारे दहा कोटी लोक टीव्हीसमोर होते. कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावची माणसं त्यात झळकली. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तो आधीच पाहिला होता आणि आपण फार खिन्न झालो, अशी नोंद डायरीत केली होती. पण त्याची घडण आपत्तीपटाची होती. खऱ्या हल्ल्याचे परिणाम याहून भयंकर असतील, असं शेवटी त्यालाच लिहून सांगावं लागलं.

'थ्रेड्स'ने ती सोय ठेवली नाही. दिग्दर्शक मिक जॅक्सन विज्ञानविषयक कार्यक्रमांतून आलेला होता. लंडनवर एक मेगाटनचा बॉम्ब पडला तर काय होईल, यावर त्याने १९८२ मध्येच माहितीपट केला होता. लेखक बॅरी हाइन्स यॉर्कशरच्या कामगारवस्तीची बोलीभाषा जाणणारा. आणीबाणीत कारभार कसा चालवायचा, याचं शिक्षण अधिकाऱ्यांना जिथे मिळे, त्या ईझिंगवोल्डच्या केंद्रात हे दोघे जाऊन राहिले. म्हणून चित्रपटात कारभाराचं यंत्र इतकं बारकाईने दिसतं. नगरपालिकेच्या तळघरात अधिकारी धान्याच्या वाटपावरून वाद घालतात. वर इमारत कोसळल्याने ते तिथेच गाडले जातात आणि गुदमरून मरतात. टीव्हीवर पॅट्रिक अ‍ॅलनच्या सूचना चालू असतात. जिमीचे आईवडील पत्रकाबरहुकूम दारं टेकवून आडोसा उभा करतात आणि त्या आडोशात आई प्राण सोडते.

धुराने सूर्य झाकोळून येणाऱ्या 'अणुहिवाळ्या'ची मांडणी १९८३ च्या अखेरीस 'सायन्स' नियतकालिकात आली होती. 'थ्रेड्स'मध्ये ती लगेच उतरली. काही वर्षांतच ब्रिटनची लोकसंख्या मध्ययुगाइतकी, म्हणजे चाळीस लाख ते एक कोटी दहा लाखांच्या दरम्यान उरेल, असं पडद्यावरची अक्षरं सांगतात. रूथच्या मुलीच्या पिढीला धड बोलताही येत नाही.

वीस वर्षं डांबून ठेवलेला 'द वॉर गेम' बीबीसीने अखेर ३१ जुलै १९८५ रोजी दाखवला. दुसऱ्या दिवशी 'थ्रेड्स'चं पुनःप्रक्षेपण झालं. मूळपुरुष आणि वंशज लागोपाठ दोन रात्री लोकांपुढे आले, तेव्हा दोघांचा चेहरामोहरा सारखाच निघाला. दोघांनीही सरकारी तयारीला हिणवलं नाही. ती खरी धरून पुढच्या दिवसांत, महिन्यांत, वर्षांत नेऊन पाहिली. पत्रकाचा हिशेब दोन आठवड्यांपाशी थांबत होता, या चित्रपटांनी तो पुढे चालवला.