स्वित्झर्लंडचे १८४८ चे संविधान
या संविधानामागे १८४७ ची यादवी आहे. तोवर स्वित्झर्लंडमधील कँटन जवळजवळ स्वतंत्र राज्येच होती. जकात, नाणी, सैन्य ज्याचे त्याचे. सात कॅथलिक कँटननी वेगळी फळी उभारली, ती जनरल द्युफूर यांनी महिन्याच्या आत मोडली. जखमींना, कैद्यांना दयेने वागवा, अशी त्यांची सक्त ताकीद होती (हेच द्युफूर १८६३ मध्ये रेड क्रॉसच्या संस्थापकांत होते). मृतांची संख्या शंभराच्या आसपासच राहिली. पुढच्या समेटाचा पाया मला या संयमातच दिसतो. १२ सप्टेंबर १८४८ रोजी नवे संविधान स्वीकारले गेले. सभागृहे अमेरिकेच्या धर्तीवर दोन. मात्र कारभार एका राष्ट्राध्यक्षाऐवजी सात जणांच्या मंडळाकडे सोपवला. तो आजही तसाच चालतो. — संपा.