ग्रंथ आणि सोबती : नाशिकरोडच्या इतिहासातील एक पान

नाशिकरोडचे नाव निघाले की परगावच्या माणसाच्या डोळ्यांपुढे तीन गोष्टी उभ्या राहतात : रेल्वेचे स्थानक, सरकारी छापखाने आणि मध्यवर्ती कारागृह. १९२५ साली येथे सिक्युरिटी प्रेस निघाली व १९२८ साली नोटांचा छापखाना सुरू झाला. त्यांच्या आश्रयाने ठिकठिकाणची कुटुंबे येथे येऊन स्थायिक झाली. नाशिक क्षेत्राला गोदेचा घाट, मंदिरे आणि विद्वानांची परंपरा लाभली. आपल्या वस्तीच्या वाट्याला मात्र भोंगा आणि पाळी एवढेच आले, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. हा समज यथार्थ नाही. ग्रंथ सोबतीने वाचावा, वाचलेले दुसऱ्यास सांगावे आणि त्याचे ऐकून घ्यावे, या सत्प्रथेच्या इतिहासात आपल्या गावाचे एक मानाचे पान आहे. ते आपल्या कुटुंबांपुढे, विशेषतः तरुण पिढीपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्याकडे वाचन हे मुळात एकट्याचे काम नव्हतेच. चातुर्मासात घरोघर पोथी लावीत. वाचणारा एक आणि ऐकणारे दहावीस असत. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही 'हरिविजय', 'पांडवप्रताप' अध्यायवार ठाऊक असे, ते या श्रवणामुळेच. पोथी मिटली की प्रश्न निघत, शंका निघत, कधी वादही होई. परंतु या परंपरेला एक मोठी उणीव होती, ती झाकून ठेवणे योग्य नव्हे. ओसरीवर कोणी बसावे, अंगणात कोणी थांबावे आणि उंबऱ्याजवळही कोणी येऊ नये, हे ज्याच्या त्याच्या जन्मावरून ठरलेले असे. ग्रंथ सर्वांसाठी आहे असे म्हणत असतानाच श्रोत्यांची निवड होत होती.

एकोणिसाव्या शतकात वाचनालये निघाली आणि ग्रंथ देवघरातून सार्वजनिक जागेत आला. रत्नागिरीस १८२८ साली, अहमदनगरास १८३८ साली आणि नाशकास १८४० साली ग्रंथालयाची स्थापना झाली. नाशिकची ती संस्था आज सार्वजनिक वाचनालय या नावाने सर्वांस परिचित आहे. पुण्याच्या नेटिव्ह जनरल लायब्ररीहूनही ती आठ वर्षांनी वडील आहे. एक पुस्तक अनेकांच्या हाती जावे, एक वृत्तपत्र दहा जणांनी वाचावे, ही कल्पना त्या काळी क्रांतिकारकच होती. तथापि पुस्तक सार्वजनिक झाले म्हणून समाजही लगेच सार्वजनिक झाला, असे नव्हे. वाचनालय निघाल्यावर नव्वद वर्षांनी, २ मार्च १९३० रोजी, त्याच नाशकात काळाराम मंदिराचे दार उघडावे म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू करावा लागला. तो १९३५ पर्यंत चालला आणि तरीही दार उघडले नाही. ज्या नगरात ग्रंथालयाचे दार नव्वद वर्षांपूर्वीच उघडले, तेथे मंदिराचे दार मिटलेले राहिले, हा इतिहास आपण सर्वांनीच मनन करण्याजोगा आहे.

आता कारागृहाकडे वळू. १९३२ साली सविनय कायदेभंगाच्या चळवळीत हजारो देशभक्त तुरुंगांत गेले. त्यांपैकी जयप्रकाश नारायण, मीनू मसानी, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता, ना. ग. गोरे हे तरुण नाशिकच्या कारागृहात एकत्र आले. कोणी बिहारचा, कोणी मुंबईचा, कोणी महाराष्ट्राचा; धर्म वेगळा, मातृभाषा वेगळी, शिक्षणही वेगळे. बाहेर असते तर हे सर्वजण इतका दीर्घकाळ एका जागी बसते, असे वाटत नाही. येथे मात्र त्यांनी समाजवादाचा एकत्र अभ्यास केला आणि वाद घातले. मार्क्सचा विचार आणि गांधीजींचा मार्ग यांचा मेळ कोठे बसतो व कोठे बसत नाही, याचा कीस काढला. या चर्चांचे फळ म्हणजे १९३४ साली स्थापन झालेला काँग्रेस समाजवादी पक्ष होय. पुढे त्यांच्यातील काहींच्या वाटा वेगळ्या झाल्या, मतभेद तीव्र झाले. परंतु देशाच्या राजकारणातील एका प्रवाहाचा उगम नाशिकच्या बराकीतील या बैठकींत आहे, हे इतिहासकार मान्य करतात.

याच कारागृहात त्याच सुमारास साने गुरुजी होते. त्याआधी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात आचार्य विनोबांनी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले, अशी अठरा प्रवचने झाली. ती उतरवून घेतली गुरुजींनी. म्हणूनच 'गीता-प्रवचने' हा ग्रंथ आपल्या हाती आला. म्हणजे ज्याने आधी एकाग्रतेने ऐकले, त्यानेच नंतर सांगितले. नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ९ फेब्रुवारी १९३३ रोजी 'श्यामची आई' लिहावयास घेतली आणि १३ फेब्रुवारीस पहाटे ती पूर्ण केली. अवघ्या पाच दिवसांत लिहिलेले हे पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले आणि मराठी घराघरांत पोहोचले. त्याची रचना पाहा : प्रकरणांना 'रात्र' हे नाव आहे, कारण श्याम आपल्या आश्रमीय सोबत्यांना रोज रात्री एकेक आठवण सांगत आहे. एकट्याने वाचले तरी आपण कोणा मंडळींत बसून ऐकत आहोत, असे वाटते ते यामुळेच. पुढे याच गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले व ते मंदिर खुले झाले. गोष्ट ऐकण्यास सर्वांना बसविणारा मनुष्य देवापाशीही सर्वांनाच नेऊ पाहत होता, यात आश्चर्य ते कोणते?

ही परंपरा नाशिक परिसरात आजही खंडित झालेली नाही. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने श्री. विनायक रानडे यांनी २००९ साली 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना सुरू केली. पंचवीस पुस्तकांची पेटी एका वाचकगटाकडे जाते, तेथे वाचून झाली की दुसऱ्या गटाकडे जाते. ही पेटी महाराष्ट्राबाहेर आणि परदेशातील मराठी मंडळींपर्यंतही पोहोचली आहे.

आपल्या घरांत आज पुस्तके नाहीत असे नाही. ती कपाटात आहेत. पारितोषिक म्हणून मिळालेली, आहेर म्हणून आलेली, वडिलांनी जपलेली. उणीव आहे ती सोबत्यांची. महिन्यातून एक सायंकाळ काही कुटुंबांनी एकत्र यावे, प्रत्येकाने सध्या आपण काय वाचीत आहोत ते सांगावे, न पटलेलेही सांगावे, लहानांनी मोठ्यांस प्रश्न विचारावेत. यास मोठा खर्च नाही की सभागृह नको; एक चटई पुरते.

परंतु एक गोष्ट नम्रपणे पण स्पष्टपणे सुचवावीशी वाटते. ती चटई केवळ आपल्याच ज्ञातीपुरती अंथरू नये. शेजारच्या बिऱ्हाडातील, पाळीवरील सोबत्याच्या घरातील, कोणत्याही जातीचा वा धर्माचा वाचक असो, त्यासही आग्रहाने बोलवावे. आपला संघ आपल्या माणसांनी एकमेकांस हात द्यावा म्हणून आहे, पुस्तकास कुंपण घालण्यासाठी नव्हे. जे तुरुंगाच्या भिंतीआड घडू शकले, ते मोकळ्या हवेत आपल्या हातून घडू नये काय? जेल रोडने जाता-येता त्या उंच भिंतींकडे पाहून एवढा प्रश्न प्रत्येकाने आपल्या मनास विचारावा, ही विनंती.