न बोलावता उघडणारी खिडकी



सोयाबीनचा भाव बघायला फोन उघडावा, आणि भाव दिसायच्या आधीच समोर भलतीच चौकट यावी. कधी लॉटरी लागल्याची, कधी फोनमध्ये व्हायरस शिरल्याची, तर कधी अशी की पटकन फोन पालथा घालावा लागतो. हिला पॉप-अप म्हणतात. टुणकन वर येणारी खिडकी. ती बंद कशी करायची, हे आज सांगणार आहोतच. पण त्याआधी ही खिडकी आली कुठून, कुणी काढली आणि तिला अडवायला किती वर्षं लागली, ते ऐका. कारण घरात अशी खिडकी उघडली की जाब खिडकीला कुणी विचारत नाही. जाब बाईला विचारतात, "काय बघत होतीस?"

गोष्ट अमेरिकेतली आहे. १९९४ च्या ऑक्टोबरात हॉटवायर्ड नावाच्या संकेतस्थळावर पहिल्यांदा आडव्या पट्टीसारख्या जाहिराती लागल्या. एस.टी. स्टँडच्या भिंतीवर पाटी लावावी तशा. बघायचं तर बघा, नाहीतर पुढे जा. पुढच्या वर्षी नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक या तरुणानं जावास्क्रिप्ट नावाची भाषा तयार केली, तीही अवघ्या १० दिवसांत. तोवर वेबवरचं पान म्हणजे छापील कागदासारखं गप्प असायचं. या भाषेमुळे ते हालचाल करायला लागलं. हिशेब करायला लागलं, चुकीचा फॉर्म भरला तर सांगायला लागलं, आणि स्वतःहून नवी खिडकी उघडायलाही शिकलं. ही सोय चांगल्या कामासाठीच होती.

त्याच काळात ट्रायपॉड नावाची एक कंपनी होती. लोकांना वेबवर स्वतःचं पान फुकट बनवून द्यायची आणि त्या पानांवर जाहिराती लावून खर्च भागवायची. फुकट म्हटल्यावर लोक काय वाट्टेल ते टाकणार. एका मोटार कंपनीची जाहिरात एका अश्लील पानावर झळकली आणि कंपनी संतापली. तेव्हा ट्रायपॉडमधल्या ईथन झुकरमन यांनी तोड काढली. जाहिरात पानावर लावायचीच नाही, ती वेगळ्या खिडकीत उघडायची. म्हणजे पान घाण असलं तरी जाहिरातवाल्याचं नाव त्याला चिकटणार नाही. २०१४ साली याच झुकरमन यांनी लेख लिहून जगाची माफी मागितली. आमचा हेतू वाईट नव्हता, असंही त्यांनी त्यात म्हटलं.

हेतूचं सोडा. जरा बघा, ही खिडकी जन्मली ती जाहिरातदाराची अब्रू झाकायला. पाहणाऱ्याच्या अब्रूचा विचार त्या वेळी झालाच नव्हता.

एकदा युक्ती सापडल्यावर सगळेच तुटून पडले. एक खिडकी बंद केली की दोन उघडायच्या. मग पुढे उघडलेली लोक लगेच बंद करतात म्हणून मागे लपून उघडणारी खिडकी निघाली. सगळं काम आटोपून संगणक बंद करायला जावं, तर खाली जाहिरातींची रास पडलेली. काही लबाडांनी तर यावरही धंदा केला. डी स्क्वेअर्ड सोल्यूशन्स नावाची कंपनी लोकांच्या संगणकावर पुन्हा पुन्हा खिडक्या उघडायची, आणि त्या खिडकीत जाहिरात कसली? तर अशा खिडक्या थांबवणारं आमचं सॉफ्टवेअर विकत घ्या! आधी आपणच ढेकूण सोडायचे आणि मग ढेकणाचं औषध विकायचं. २००३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं त्यांना कोर्टात खेचलं.

अडवण्याचे प्रयत्नही चालू होतेच. वेब बघायच्या प्रोग्रामला ब्राउझर म्हणतात. ऑपेरा आणि मोझिला या ब्राउझरांनी ही खिडकी रोखायची सोय आधी दिली. मोझिलाची सोय २००२ मध्ये आली. नेटस्केपचा त्या वर्षीचा नवा ब्राउझर मोझिलावरच उभा होता, पण त्यातून ही सोय काढून टाकलेली होती. मालक कंपनी जाहिरातींवर पैसे कमवत होती, हे इथे ध्यानात ठेवा. लोकांनी ओरड केली आणि वर्ष संपता संपता सोय परत आली.

रोखण्याची रीत साधी आहे. ब्राउझर बघतो, ही खिडकी माणसानं बोट लावल्यावर उघडतेय की पान आपल्या मनानं उघडतंय? बोट लावलं असेल तर उघडू द्यायची, नाहीतर अडवायची. दारात उभ्या राहिलेल्या जाणत्या आजीसारखं. कुणी बोलावलंय का, एवढंच ती विचारते. ऑगस्ट २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपल्या विंडोज एक्सपीमध्ये ही आजी बसवली. ९ नोव्हेंबर २००४ ला फायरफॉक्स आला, त्यात ती पहिल्यापासून होती.

या दोन तारखांच्या मध्ये, ऑक्टोबर २००४ मध्ये, अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात नॉर्विच गावच्या एका शाळेत जे घडलं ते नीट ऐका. नेहमीचे शिक्षक रजेवर होते म्हणून सातवीच्या वर्गावर एक बदली शिक्षिका आल्या. वर्गातला संगणक जुना होता, विंडोज ९८ चा. म्हणजे दोनच महिन्यांपूर्वी आलेली ती सोय त्याला मिळणारच नव्हती. नको ती पानं गाळणाऱ्या यंत्रणेची मुदत संपलेली होती, ती शाळेनं वाढवली नव्हती. अशा संगणकावर अश्लील चित्रांच्या खिडक्या उघडायला लागल्या. बाई एक बंद करत, दुसरी येई. काही मुलांनी ती चित्रं पाहिली आणि बातमी घरी पोचली.

पोलिसांनी बाईंना धरलं. खटला चालला. पोलिसांचं म्हणणं असं, की बाईंनी स्वतः बोट लावल्याशिवाय ही पानं उघडणार नाहीत. जानेवारी २००७ मध्ये ज्युरीनं त्यांना चार आरोपांवर दोषी ठरवलं. शिक्षा ४० वर्षांपर्यंत होऊ शकली असती. चाळीस वर्षं, बायांनो! खिडक्या बंद होत नव्हत्या म्हणून.

मग देशभरातले संगणकाचे जाणकार पुढे आले. त्यांनी फुकट तपासणी केली आणि दाखवून दिलं, की संगणकात घातक सॉफ्टवेअर शिरलेलं होतं आणि खिडक्या तेच उघडत होतं. जून २००७ मध्ये न्यायाधीशांनी तो निकाल बाजूला ठेवला. तरी प्रकरण मिटलं नाही. २००८ च्या नोव्हेंबरात बाईंनी एका किरकोळ गुन्ह्याची कबुली दिली, १०० डॉलर भरले आणि शिकवण्याचा परवाना परत केला. शाळेतल्या संगणकाची देखभाल कुणी केली नाही, हा मुद्दा मागेच राहिला. नोकरी गेली ती बाईंची.

आपल्याकडे गुन्हा दाखल होत नाही, पण फोन काढून घेतला जातो. कधी सुनेचा, कधी दहावीतल्या मुलीचा. घरात असं झालं, तर खिडकी आपोआप उघडू शकते हे त्या घराला सांगणारं कुणीतरी हवं, आणि ते काम गटातल्या बायकांनीच करावं असं आम्हाला वाटतं.

आता आजची गोष्ट. जुनी खिडकी बरीचशी अडली, तेव्हा जाहिरातवाल्यांनी वाट बदलली. अडवणारा बोट बघतो ना? मग बोटच फसवायचं. फुलीचं खोटं चिन्ह काढायचं, की बंद करायला जावं आणि जाहिरात उघडावी. पानावर न दिसणारा पडदा घालायचा, की कुठेही बोट टेकलं तरी खिडकी निघावी. आणि सर्वात जास्त चालणारी युक्ती म्हणजे सूचनांची परवानगी. 'पुढे जायला अलाऊ दाबा' असं पान म्हणतं. आपण दाबतो. मग ते पान बंद असलं तरी दिवसभर फोनवर टिंग टिंग चालू. ही परवानगी आपणच दिलेली असते, म्हणून कुणी अडवत नाही.

ती काढून घेता येते. फोनवर क्रोम उघडा, वरच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबा, सेटिंग्जमध्ये जा, तिथे साइट सेटिंग्ज आहे. त्यात पॉप-अप आणि रीडायरेक्ट बंद असल्याची खात्री करा. तिथेच सूचना, म्हणजे नोटिफिकेशन्स, उघडून बघा. अनोळखी नावं दिसतील ती ब्लॉक करा. पहिल्यांदा एकमेकींच्या शेजारी बसून केलेलं बरं. जाहिराती गाळणारे ब्राउझरही फुकट मिळतात. त्यातल्या ब्रेव्हच्या संस्थापकांपैकी एक कोण, माहीत आहे? ज्यानं १९९५ मध्ये जावास्क्रिप्ट बनवली तोच ब्रेंडन आइक.

फोनमध्ये व्हायरस आहे अशी खिडकी आली तर तिच्यातला नंबर लावू नका आणि ती सांगेल ते अ‍ॅप घेऊ नका. ते पान बंद करा. २००३ च्या त्या ढेकूणवाल्यांचीच ही नातवंडं आहेत. ३० नोव्हेंबर २०२३ ला आपल्या केंद्र सरकारनं ग्राहकाला फसवणाऱ्या १३ रीतींवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात खोट्या व्हायरसची भीती घालणं आहे आणि पुन्हा पुन्हा टोकत राहणंही आहे. खात्यातून पैसेच गेले असतील, तर १९३० या नंबरवर लगेच फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

एक राहिलं. सगळ्याच खिडक्या वाईट नसतात. काही सरकारी संकेतस्थळांवर पावती किंवा सातबारासारखा कागद नव्या खिडकीतच उघडतो, आणि सगळं अडवून ठेवलं तर तो दिसत नाही. तेव्हा खाली 'पॉप-अप अडवला' अशी ओळ येते. संकेतस्थळाचं नाव नीट वाचा, ओळखीचं असेल तर तेवढ्यापुरती परवानगी द्या, आणि कागद उतरवून घ्या.