हॅरी हुडिनी: बेड्यांतून सुटणारा जादूगार भोंदूंच्या मागे का लागला?

हॅरी हुडिनीचं मूळ नाव एरिक वाईस. जन्म २४ मार्च १८७४, बुडापेस्ट. तो लहान असतानाच त्याचं ज्यू कुटुंब अमेरिकेत स्थायिक झालं. फ्रेंच जादूगार रोबेर-हूदँ याच्या नावावरून त्याने 'हुडिनी' हे नाव घेतलं.

सुरुवातीला पत्त्यांच्या जादूवर पोट भरत नव्हतं. १८९९ मध्ये मार्टिन बेक याने त्याचा बेड्यांचा खेळ पाहिला आणि त्याला वॉडव्हिलमध्ये काम दिलं. वॉडव्हिल म्हणजे गाणी, विनोद आणि कसरती एकाच तिकिटात दाखवणारा रंगमंच. पुढे हुडिनी पोलिसांच्या बेड्या आणि कोठड्यांमधून सुटून दाखवू लागला. १९१२ पासून तो पाय वर अडकवून, पाण्याने भरलेल्या काचेच्या पेटीत उलटा उतरत असे.

१९१३ मध्ये आई गेली. १९२२ मध्ये लेखक आर्थर कॉनन डॉयल यांच्या पत्नीने आईचा 'संदेश' लिहून दिला. तो इंग्रजीत होता आणि वर क्रॉस होता! आईला इंग्रजी जेमतेम येत असे आणि ती ज्यू होती. मृतात्म्यांशी बोलतो सांगणाऱ्यांचं पितळ उघडं पाडणं हे मग त्याचं ध्येयच बनलं.

हुडिनी पेटीत बुडून मेला, हा समज चुकीचा आहे. अपेंडिक्स फुटून झालेल्या संसर्गाने ३१ ऑक्टोबर १९२६ रोजी डेट्रॉइटमध्ये त्याचं निधन झालं. जमल्यास मृत्यूनंतर सांकेतिक संदेश पाठवायचा, असं पत्नी बेसशी ठरलं होतं. १९३६ मध्ये तिने शेवटची बैठक घेतली. संदेश आला नाही.