हुकूम कुणाचा? महार पलटणीपासून महिला अधिकाऱ्यांपर्यंत

सैन्यातील महिला अधिकाऱ्यांच्या खटल्यात केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयापुढे एक लेखी म्हणणे मांडले होते. महिलांची मागणी साधी होती : पुरुषांप्रमाणे आम्हालाही स्थायी कमिशन द्या, तुकडीचे नेतृत्व करू द्या. त्यावर सरकारचे उत्तर असे, की जवान बहुतांशी ग्रामीण भागातून आलेले असतात. समाजातील रूढी पाहता महिला अधिकाऱ्याचा हुकूम मानायला त्यांच्या मनाची तयारी अजून झालेली नाही.

मित्रांनो, हा युक्तिवाद आपल्याला नवा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी तो आपल्या पूर्वजांविरुद्ध वापरला गेला आहे.

भीमा कोरेगावच्या विजयस्तंभावर ‘नाक’ प्रत्यय असलेली महार सैनिकांची नावे कोरलेली आहेत. ती १ जानेवारी १८१८ च्या लढाईची. पुढे मुंबईच्या फौजेत महार जमादार, सुभेदार झाले. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ हे सुभेदारच होते. गावात ज्याची सावली चालत नव्हती, त्याला छावणीत सवर्ण शिपायाकडून सलाम मिळू लागला. जातिव्यवस्थेला खरा धक्का इथे होता. महाराच्या हाती बंदूक आली यापेक्षा महाराच्या तोंडी हुकूम आला, हे जास्त झोंबले.

मग १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. कारण काय सांगितले? तुम्ही ‘लढवय्या जमात’ नाही! सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या काळात हा सिद्धांत फोफावला. कोरेगावात लढणारे एका धोरणाने बिगरलढवय्ये ठरले. गोपाळ बाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध विनंतीपत्र लिहिले, १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. बाबासाहेबांनीही या बंदीची चिकित्सा केली. शौर्य नाही ही सबब त्यांनी कधीच मान्य केली नाही.

आणि गरज पडली की हाच सिद्धांत गुंडाळून ठेवला जातो! पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, १११ वी महार पलटण उभी राहिली. १९२१ मध्ये ती मोडली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली आणि ती टिकली. त्याच युद्धात १९४२ मध्ये महिलांचे सहायक दल उभारले गेले. युद्ध संपल्यावर ते बरखास्त झाले. पुढे स्वतंत्र भारताच्या १९५० च्या लष्कर कायद्याने, कलम १२ नुसार, केंद्र सरकार अधिसूचनेने सांगेल त्या शाखा सोडून बाकी नियमित सैन्याचे दरवाजे महिलांना बंद ठेवले. परिचारिका चालते, सेनानी चालत नाही.

बायका लढू शकत नाहीत म्हणून हे झाले का? १६ नोव्हेंबर १८५७ ला लखनौच्या सिकंदरबागेत झाडावरून गोळ्या झाडणारा एक बंडखोर मारला गेला. खाली पडल्यावर कळले की ती स्त्री होती. फोर्ब्स-मिचेल या इंग्रज फौजेतल्या सैनिकाने हे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. त्याने नाव दिले नाही. नाव पासी समाजाच्या स्मृतीने जपले : उदादेवी. झाशीच्या कोरी समाजातील झलकारीबाईंचे नावही लोकस्मृतीनेच जिवंत ठेवले. राणी लक्ष्मीबाई आपल्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात भेटतात. झलकारीबाई किती पुस्तकांत भेटतात? लढण्याचा हक्क एकदा नाकारला जातो, आणि लढल्याची नोंद दुसऱ्यांदा.

१९९२ मध्ये वैद्यकीय सेवांपलीकडच्या काही शाखांत महिला अधिकारी घेण्याचे ठरले, तेही मर्यादित मुदतीसाठी. पुढे ही मुदत चौदा वर्षांपर्यंत वाढली, पण अधिकाऱ्याच्या पेन्शनला वीस वर्षे लागतात. म्हणजे तारुण्य सैन्याला द्यायचे आणि रिकाम्या हाताने घरी यायचे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये महिलांच्या बाजूने निकाल दिला, तरी त्यांना दहा वर्षे झगडावे लागले. अखेर १७ फेब्रुवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा युक्तिवाद फेटाळला. नेतृत्वाच्या पदांवर सरसकट बंदी म्हणजे संविधानाच्या कलम १४ चा भंग, असे स्पष्ट केले. पुढे खडकवासल्याच्या प्रबोधिनीचे दारही मुलींना उघडले; २०२५ मध्ये तिथून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. पायदळ आणि रणगाडा दल मात्र महिला अधिकाऱ्यांसाठी आजही बंदच आहेत.

काही मित्र विचारतील, सैन्यातल्या नोकरीत आपल्या चळवळीचे काय अडले आहे? उत्तर आपल्याच इतिहासात आहे. वलंगकर लष्करातले पेन्शनर होते, रामजीबाबाही पेन्शनर. लष्करी शाळेतले शिक्षण आणि महिन्याचे पेन्शन यांनी गावगाड्याच्या बाहेर उभे राहण्याची पहिली जागा दिली. भरतीबंदी झाली तेव्हा एक नोकरीच गेली नाही, तर पुढच्या पिढीची शाळा गेली. म्हणून पेन्शन आणि पद हे क्षुल्लक प्रश्न नाहीत. वस्तीतली मुलगी सैन्यात अधिकारी झाली, तर तिच्या घरातल्या पुढच्या पिढीचे आयुष्य बदलते.

पण एक प्रश्न स्वतःलाही विचारू. मोर्चात आपल्या आयाबहिणी पुढच्या रांगेत असतात. लाठी त्यांच्या पाठीवर पडते, गुन्हे त्यांच्यावरही दाखल होतात. संघटनेचा अध्यक्ष निवडताना मात्र ‘कार्यकर्ते बाईचे ऐकणार नाहीत’ असे कुणीतरी हळूच म्हणतो. हे वाक्य आणि सरकारचे ते लेखी म्हणणे यांत फरक काय? महार सुभेदाराला सलाम नाकारणारा सवर्ण शिपाई आणि ताईचा निर्णय न मानणारा भीमसैनिक एकाच मनूची भाषा बोलत असतात.

मनाची तयारी झालेली नाही, हे हक्क नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी सवर्णांच्या मनाची तयारी होईपर्यंत वाट पाहिली नव्हती.

जय भीम!