इंजिन जुनं, डोकं नवं: डिझेल ट्रकमधल्या चिपची गोष्ट

ज्यांना कानात इयरफोन घालून ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हे या भागाचं शब्दांकन. बोलताना सुटलेलं थोडं इथे नीट लावून घेतलंय.

आजची गोष्ट अमेरिकेतली आहे. आधी एक खुलासा. आपण ट्रक म्हटलं की डोळ्यांसमोर येतो मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलेला, ऊस नाहीतर कांदा भरलेला दहाचाकी. अमेरिकेत घरासमोर उभ्या असलेल्या पिकअपलाही ट्रकच म्हणतात. शेतकरी, सुतार, घोडे पाळणारे, घरासारखा ट्रेलर ओढत देश फिरणारे निवृत्त लोक, सगळ्यांकडे तो असतो. या पिकअपच्या डिझेल इंजिनात लोकांनी एक छोटी चिप बसवायला सुरुवात केली आणि त्यातून एक प्रश्न उभा राहिला: पैसे मोजून घेतलेल्या गाडीचं इंजिन नक्की कोणाचं?

आधी थोडं इंजिनाबद्दल, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरचं इंजिन 1897 मध्ये आउग्सबुर्गला यशस्वीपणे चाललं. त्यात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग नाही. हवा इतकी दाबायची की ती प्रचंड तापते, आणि त्या तापलेल्या हवेत इंधनाचा फवारा मारायचा. तो आपोआप पेटतो. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचं प्रमाण जवळजवळ ठरलेलं असतं. डिझेलमध्ये तसं नाही. तिथे हवा बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्तच असते आणि ताकद ठरते ती किती इंधन फवारलं यावर. म्हणजे इंधन वाढवा, ताकद वाढली! अर्थात, हवा पुरेल तोवरच. हवा कमी पडली की इंधन अर्धवट जळतं आणि मागून काळा धूर निघतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग इंधन किती फवारायचं हे ठरवतं कोण? कित्येक दशकं हे काम इंजेक्शन पंप करायचा. बॉश कंपनीने 1927 पासून हे पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतले. नाशिककरांनो, तुमच्या मायको सर्कलचं नाव ज्या मायको कंपनीवरून पडलं ती या बॉशचीच भारतीय शाखा, आणि तिच्या नाशिकच्या कारखान्यात याच इंजेक्शनच्या साखळीतले नोझल आणि इंजेक्टर बनत आले.

आता 1989 मध्ये या. डॉज कंपनीने आपल्या पिकअपमध्ये कमिन्सचं 5.9 लिटरचं सहा सिलिंडरचं टर्बो डिझेल बसवलं. हे कमिन्स नाव पुण्यात कोणाला सांगावं लागत नाही. किर्लोस्कर कमिन्स 1962 मध्ये पुण्यात सुरू झाली. तर या डॉजची ताकद होती 160 अश्वशक्ती. आज ऐकून हसू येईल, पण टॉर्क होता सुमारे 540 न्यूटन-मीटर. टॉर्क म्हणजे ओढण्याचा जोर. ट्रेलरवाल्याला हवा असतो तो हाच.

या इंजिनाची ताकद वाढवायला कॉम्प्युटर लागत नव्हता. पंपावर इंधनाचा एक स्क्रू होता. पाना घ्या, थोडा फिरवा, झालं. 1994 मध्ये कमिन्सवर दुसरा, जास्त दणकट पंप आला. त्याच्या आत एक लोखंडी पट्टी असायची, ती इंधनाची कमाल मर्यादा ठरवायची. मग लोक ती पट्टी सरकवायला नाहीतर घासायला लागले. आपल्याकडचे जुने पंप मिस्त्री हे वाचून गालात हसतील. त्यांना यात नवीन काही नाही.

त्याच 1994 मध्ये फोर्डने वेगळा रस्ता धरला. त्यांच्या पिकअपमध्ये 7.3 लिटरचं 'पॉवर स्ट्रोक' इंजिन आलं. बनवणारी कंपनी नॅव्हिस्टार, सुरुवातीची ताकद 210 अश्वशक्ती. यात जुना इंजेक्शन पंप नव्हताच! इंजिनचं ऑइलच जोरात दाबून इंजेक्टरपर्यंत न्यायचं. इंजेक्टरच्या आत एक मोठा आणि एक छोटा पिस्टन. ऑइल मोठ्यावर दाब देतं आणि छोट्याखालच्या डिझेलवर तो दाब सातपट होऊन पडतो. इंजेक्टर कधी उघडायचा आणि किती वेळ उघडा ठेवायचा, हे कॉम्प्युटर ठरवणार.

म्हणजे फिरवायला स्क्रू उरला नाही. मिस्त्रीचा पाना बिनकामाचा झाला. पण फोर्डच्या त्या कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला एक पोर्ट होता, चाचणीसाठी ठेवलेला. तिथे बाहेरून एक छोटं सर्किट खोचलं की कॉम्प्युटर आपल्या आतला प्रोग्राम सोडून त्या सर्किटमधला प्रोग्राम वाचायला लागायचा. हीच ती 'चिप'.

बसवणं सोपं होतं. बॅटरी काढायची, कॉम्प्युटर बाहेर ओढायचा, पोर्टवरचा संरक्षक थर घासून साफ करायचा आणि चिप खोचायची. खरं कष्टाचं काम एवढंच, तो थर साफ करणं. जरा राहिला तर संपर्क नीट होत नाही आणि गाडी चालता चालता बंद पडते. पुढे तर एका चिपमध्ये चार-पाच प्रोग्राम यायला लागले, आणि डॅशबोर्डवर एक गोल बटण. मूळ प्रोग्राम, ट्रेलर ओढायचा, रोजचा आणि 'आज जरा मजा करू'वाला. विकणारे साठ-सत्तरपासून शंभराहून जास्त अश्वशक्ती वाढेल असं सांगायचे.

लोकांना हे का हवं होतं? सगळेच काही रेस लावणारे नव्हते. कोलोरॅडोत आयझेनहॉवर बोगदा आहे, सुमारे 3,400 मीटर उंचीवर. मागे चार-पाच टनांचा ट्रेलर लावून तो घाट चढताना जुन्या ट्रकचा जीव जायचा. मागून येणारे हॉर्न मारणार, आणि नवीन ट्रक घ्यायचा तर खिशाला मोठं भगदाड. त्यापुढे काही शे डॉलरची चिप म्हणजे स्वस्तातला इलाज. आपल्या खंबाटकीच्या घाटात अडकलेल्या कोणालाही हे लगेच समजेल.

पण फुकट काही मिळत नाही. जास्त इंधन म्हणजे जास्त उष्णता. जाणकार एक्झॉस्टच्या वाटेवर तापमान दाखवणारा काटा आधी बसवायचे आणि चिप नंतर. साधारण 675 अंश सेल्सिअसच्या वर बराच वेळ गेलात तर ॲल्युमिनियमच्या पिस्टनची खैर नाही. आणि इंजिनाच्या आधी मान टाकायचा तो ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. कारखान्याने तो 210 अश्वशक्ती धरून बनवलेला, त्याच्यावर तुम्ही तीनशे लादणार. चिप स्वस्त, गिअरबॉक्स महाग. हिशोब तिथे फिस्कटायचा.

इथपर्यंत नुकसान होतं ते मालकाचं. आता गोष्ट वळण घेते.

अमेरिकेत 2007 पासून नव्या डिझेल गाड्यांना काजळी अडवणारा फिल्टर लागला. 2010 च्या नियमांमुळे नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला युरियाचं द्रावण वापरणाऱ्या यंत्रणा आल्या. आणि चिपचा धंदा बदलला. आता फक्त ताकद विकली जात नव्हती. फिल्टर कापून टाका, कॉम्प्युटरला सांगा की फिल्टर जागेवरच आहे, असा प्रोग्राम विकला जायला लागला. याला नाव पडलं 'डिलीट'. काही जण मुद्दाम काळा धूर सोडत फिरायला लागले, सायकलवाल्यांच्या, इलेक्ट्रिक गाड्यांच्या तोंडावर. आधीचं वाक्य आठवतंय ना? हवा कमी, इंधन जास्त. अपघाताने व्हायचं ते हौसेने सुरू झालं. न्यू जर्सीने 2015 मध्ये आणि कोलोरॅडोने 2017 मध्ये याविरुद्ध कायदे केले.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 2020 मध्ये अंदाज मांडला: आधीच्या साधारण दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढली गेली होती. त्यातून त्या गाड्यांच्या आयुष्यभरात 5,70,000 टन जादा नायट्रोजन ऑक्साइड हवेत जाणार. जणू रस्त्यावर नियमात बसणारे नव्वद लाख ट्रक आणखी उतरले. हा वायू दम्याच्या माणसाला विचारून फुफ्फुसात जात नाही.

मग दोष सगळा हौशी लोकांचा? थांबा. 1998 मध्ये सात बड्या इंजिन कंपन्यांनी अमेरिकी सरकारशी तडजोड केली. आरोप काय होता? इंजिनाचा प्रोग्राम चाचणीत नियम पाळतो आणि हायवेवर इंधन वाचवण्यासाठी जास्त नायट्रोजन ऑक्साइड सोडतो. त्यात कॅटरपिलर होती, कमिन्स होती, नॅव्हिस्टारही होती. दंडाची रक्कमच 8 कोटी 34 लाख डॉलर. 2015 मध्ये फोक्सवॅगन पकडली गेली. डिसेंबर 2023 मध्ये कमिन्सने रॅम पिकअपच्या इंजिनांबद्दलच्या आरोपांवर तडजोड म्हणून 1.675 अब्ज डॉलर दंड मान्य केला. जे गॅरेजवाला चोरून करतो म्हणून आपण नाक मुरडतो, तेच कारखान्यातून पॅक होऊन आल्याचे हे आरोप होते.

त्यामुळे 'गाडी माझी, प्रोग्रामही माझा' हे म्हणणं हसण्यावारी नेता येत नाही. 1998 च्या अमेरिकी कॉपीराइट कायद्याने सॉफ्टवेअरचं कुलूप तोडायला बंदी होती. 2015 मध्ये तिथल्या कॉपीराइट खात्याने गाडी आणि ट्रॅक्टरच्या मालकांना दुरुस्तीसाठी आणि कायद्यात बसणाऱ्या बदलांसाठी सूट दिली. पर्यावरण संस्थेने विरोध केला होता. लोक प्रदूषणाची यंत्रणा बंद पाडतील, ही त्यांची भीती. ती भीती खोटी नव्हती हे वरच्या आकड्यांवरून दिसतंच. पण बंद कुलपाच्या आत कंपन्या काय करत होत्या, तेही दिसतंय.

माझं मत विचाराल तर इंजिनाचा प्रोग्राम वाचायचा, समजून घ्यायचा, दुरुस्त करायचा हक्क मालकाला हवा. पण हा हक्क एक्झॉस्टच्या टोकापर्यंतच. धूर बाहेर पडला की ती हवा सगळ्यांची.

आणि हो, हे ऐकून ज्यांना आपल्या जुन्या डिझेल गाडीला रीमॅप करायची हुक्की आली असेल त्यांच्यासाठी. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. तेव्हा आधी आरसी बुक वाचा, विम्याचे कागद वाचा आणि गॅरेजवाल्याला एकच प्रश्न विचारा: यानंतर मागून काय निघणार? उत्तर देताना तो आकड्यांऐवजी नुसता हसला, तर चावी परत खिशात टाका.

पुढच्या भागात भेटू. तोवर, घाटात ओव्हरटेक जपून.