भीमथडी घोडा व सार्वजनिक कुरणे

भीमा नदीच्या खोऱ्यात पैदास होणारे काटक व मध्यम बांध्याचे घोडे भीमथडी या नावाने ओळखले जातात. त्यांना दख्खनी असेही म्हणतात. भीमथडी म्हणजे भीमेच्या थडीचा, अर्थात काठचा मुलूख. ब्रिटिश अमदानीत पुणे जिल्ह्यात या नावाचा तालुका होता. हे घोडे रानटी नव्हेत. त्यांना धनी असतो. तथापि त्यांचे पोषण मुख्यतः सरकारी कुरणे, गावोगावची गायराने आणि पीक निघालेली शेते यांवर होत आले आहे. त्यामुळे त्यांचा इतिहास हा सार्वजनिक जमिनीवरील गवताविषयी निर्णय कोणी घ्यावा, या प्रश्नाचाही इतिहास ठरतो.

मराठा काल : मराठ्यांच्या लष्कराची भिस्त घोडदळावर असल्याने गवत ही राज्याच्या दृष्टीने मोलाची वस्तू होती. घोड्यांसाठी कुरणे राखून ठेवीत. गवत कापण्यासाठी व वाहण्यासाठी गावांकडून वेठ घेण्यात येई. इ. स. १६७४ च्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतील घोडदळाच्या अंमलदारांना पाठविलेले पत्र या संदर्भात महत्त्वाचे आहे. दाणावैरण बेताने वापरावी व ती संपल्यावर रयतेकडून हिसकावून घेऊ नये, अशी सक्त ताकीद त्यात आहे. रयतेच्या हिताची काळजी येथे स्पष्ट दिसते. मात्र कुरणाच्या व्यवस्थेत रयतेचा अधिकार मान्य झाला होता, असा त्याचा अर्थ नव्हे.

ब्रिटिश काल : १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर घोडदळे मोडली व घोड्यांची मागणी घटली. १८७८ च्या वन अधिनियमाने जंगले व कुरणे यांवरील सरकारी नियंत्रण दृढ झाले. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेने गावाच्या जनावरांसाठी मोफत चराईची जमीन नेमून देण्याची तरतूद केली. पण नेमून देण्याचा अधिकार अधिकाऱ्यांकडेच राहिला. चराऊ जमिनी वनखात्याकडे गेल्याने शेतकऱ्यांच्या जनावरांची झालेली उपासमार महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथात परखडपणे मांडली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारींच्या चौकशीसाठी सरकारने १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमला. लोकांचे म्हणणे ऐकले जाऊ लागले, परंतु निर्णय सरकारचाच राहिला.

स्वातंत्र्योत्तर काल : महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या बाविसाव्या कलमात चराईच्या जमिनीची तरतूद कायम राहिली. अतिक्रमणे, वसाहती, उद्योग व वृक्षलागवड यांमुळे चराऊ क्षेत्र मात्र आक्रसत गेले. गवताळ माळ हा पडीक भाग समजला गेल्याने त्यावर झाडे लावणे हीच सुधारणा मानली गेली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरील बेकायदा अतिक्रमणे हटवून त्या ग्रामसभेकडे वा ग्रामपंचायतीकडे परत सोपविण्यासाठी योजना आखण्याचे आदेश राज्यांना दिले.

आज भीमथडी घोडे प्रामुख्याने मेंढपाळ धनगरांकडे आढळतात. पावसाळा सरल्यावर हे लोक मेंढरे घेऊन कोकणाकडे वा अन्यत्र उतरतात. बिऱ्हाड, भांडीकुंडी, चालू न शकणारी कोकरे व कोंबड्या घोड्यांच्या पाठीवर असतात. राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन संस्थेच्या नोंदीत भीमथडी ही देशातील घोड्यांची आठवी जात आहे. या नोंदीमुळे जातीला मान्यता मिळाली. चराईची जमीन मात्र मिळत नाही.

निर्णयातील सहभाग : अमेरिकेत १९७१ च्या अधिनियमाने सरकारी जमिनीवरील मोकाट घोड्यांना संरक्षण दिले. त्यामागे शाळकरी मुलांच्या असंख्य पत्रांचे पाठबळ होते. असे घोडे पकडण्यासाठी हेलिकॉप्टर वापरण्यापूर्वी जाहीर सुनावणी घेण्याचे बंधन १९७६ मध्ये घालण्यात आले. तेथेही अंतिम निर्णय खात्याचाच असतो. पण तो घेण्यापूर्वी कोणत्याही गावच्या नागरिकाला बोलता येते.

महाराष्ट्रातील अडचण निराळी आहे. ग्रामसभेत मत त्या गावच्या मतदारांना असते. वर्षाचे अनेक महिने वाटेवर असलेल्या मेंढपाळाला वाटेवरच्या गावांच्या गायरानाबाबत मत नसते आणि स्वतःच्या गावच्या सभेला तो बहुधा हजर नसतो. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने फिरत्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मान्य केला आहे. परंतु अनुसूचित जमातींत नसलेल्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे, वनाशी निगडित वास्तव्य सिद्ध करावे लागते. महाराष्ट्रात धनगरांची गणना भटक्या जमातींत होते. ज्यांचे जीवनच फिरते, त्यांच्याकडून वास्तव्याचा पुरावा मागितला जातो, ही या व्यवस्थेतील मूलभूत विसंगती होय. गाव हाच सहभागाचा एकमेव घटक मानला जाईल, तोवर गायराने गावाच्या हाती आली, तरी भीमथडी घोड्याचा धनी निर्णयाबाहेरच राहील.